हरतालिकेची वाळू

अच्युतराव खिरवडकरांना आपल्या चाळण्यांचा भारी अभिमान होता. अभिमान माणसाला कशाचाही असू शकतो; कुणाला जावयाच्या नोकरीचा असतो, कुणाला घरच्या लोणच्याचा. अच्युतरावांना पितळी कड्यांच्या गोल चाळण्यांचा होता. जबलपुरात सिविल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात भूविज्ञानाची एक लहानशी संस्था आहे, तिथे ते नमुने तयार करायचे. संशोधकांनी कुठून कुठून पिशव्या भरून माती-वाळू खणून आणायची आणि अच्युतरावांनी ती वाळवायची, चाळायची, तिचे सारखे वाटे करायचे. एक वाटा तपासणीला जायचा, दुसरा पिशवीत बंद होऊन फळीवर राखीव पडायचा. काम साधं, पण त्याचं त्यांनी पार सोवळं करून टाकलं होतं. एक नमुना झाला की चाळणी ब्रशने झाडायची, धुवायची, वाळवायची, भिंगाखाली धरून बघायची, आणि मगच पुढच्या नमुन्याला हात घालायचा. एखाद्या नव्या पोराने घाईत न धुतलेली चाळणी उचलली की संपलंच. "एक दाना भी रह गया ना भैया, तो पूरी रिसर्च पानी में समझो," असं ते इतक्या जोरात सुनवायचे की बागेतला माळीसुद्धा मान वर करून बघायचा.

असा हा माणूस. आता त्याच्या हातून काय झालं ते ऐका.

संस्थेत प्रणोती नावाची एक संशोधक मुलगी होती. राहायला मदन महलकडे, वडील संरक्षण कारखान्यात. बाकी सगळे अच्युतरावांना 'अच्युत जी' म्हणत, ही एकटी 'काका' म्हणे, कारण दोघांच्या घरी मराठी. तिचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदीत उडी मारायचं, पण अच्युतरावांना ते गोड वाटे. त्यांची लेक सलोनी लग्न होऊन नरसिंहपूरला गेल्यापासून तर जरा जास्तच. डब्यातला शिऱ्याचा एक वाटा हल्ली प्रणोतीसाठी वेगळा निघायचा.

त्या उन्हाळ्यात प्रणोतीला जबलपूरजवळच्या पाटन गावापलीकडे एका शेतात, विहीर खोदत होते तिथे, एक नवलाचा थर सापडला. खाली नदीची वाळू, वर नदीची वाळू, आणि मध्ये वीतभर जाडीचा पिवळसर, पिठासारखा मऊ थर. तो नदीने आणलेला नव्हता, वाऱ्याने आणून टाकलेला होता. हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी कोरड्या काळात वारा सुटला होता आणि बारीक वाळू आणून ओतत होता. ती त्याने आणली कुठून, एवढाच प्रणोतीचा प्रश्न. आटलेल्या नर्मदेच्या उघड्या पात्रातून उचलली, की लांब पश्चिमेकडच्या वाळवंटातून? हे शोधून काढता येतं. वाळूत झिरकॉन नावाच्या खनिजाचे चिवट कण असतात. ते झिजतात, वाहतात, उडतात, पण आपलं वय विसरत नाहीत. असे पुष्कळ कण वेचून त्यांची वयं काढली की वाळू मुळात कुठल्या खडकातली आणि कोणत्या वाटेने आली याचा माग लागतो. प्रणोतीने पिशवीभर वाळू आणली. पाठोपाठ शेतकऱ्याने विहीर सिमेंटच्या कड्यांनी बांधून काढली. म्हणजे त्या थराचं जे काही हाती होतं ते एवढंच.

अच्युतरावांनी तिचे दोन वाटे केले. एक तपासणीला दिला, एक फळीवर ठेवला.

मग भाद्रपद आला, आणि त्याबरोबर घरात बायकोची, प्रतिमाबाईंची, वाळूची मागणी आली. त्यांच्याकडे हरतालिकेला सखी-पार्वतीच्या मूर्ती बाजारातून येत, पण महादेवाची पिंडी घरीच करायची आणि ती नर्मदेच्याच वाळूची करायची, असा सासूबाईंपासूनचा रिवाज. दरवर्षी दोघं स्कूटरवरून ग्वारीघाटला जाऊन डबाभर वाळू आणत. या वर्षी वर धरणाचे दरवाजे उघडलेले, पाणी घाटाच्या पायऱ्या गिळून बसलेलं आणि तोंडाशी पोलिसांचे बांबू आडवे.

"अहो, वाळूचं काय करून राहिले तुम्ही?" प्रतिमाबाईंनी विचारलं. "परवा हरतालिका आहे."

"घाट बंद आहे नं. पोलीस कोणाला खाली उतरू देऊन नाही राहिले."

"ते मला नका सांगू. पोरीची लग्नानंतरची पहिली हरतालिका आहे, त्यासाठी ती माहेरी येऊन राहिली. आता तिला काय सांगू, वाळू नाही म्हणून?"

"गल्लीत त्या बांधकामाचा एवढा ढीग पडला आहे..."

"त्याच्यावर कुत्री झोपतात! त्याचा महादेव करू काय?"

दुसऱ्या दिवशी अच्युतराव संस्थेत राखीव पिशव्यांच्या फळीसमोर उभे राहिले. या पिशव्या वर्षानुवर्षं पडून असत. कोणी विचारत नसे, कोणी उघडत नसे, फळी भरली की जुन्या पिशव्या बागेत ओतल्या जात. आणि प्रणोतीच्या पिशवीत ती वाळू होती: कोरडी, स्वच्छ, त्यांनी स्वतःच्या हाताने चाळलेली. तिच्यावर कुठलं कुत्रं झोपलं नव्हतं. त्यांनी आधी एक ओंजळ काढली. तेवढ्यात पिंडी होणार नाही म्हणून आणखी काढली. शेवटी पिशवीच्या तळाशी जेमतेम मूठभर उरली. तोंड बांधून त्यांनी ती पिशवी मागच्या रांगेत सरकवली.

"ग्वारीघाटच्या नावाड्याने पूर यायच्या आधी काढून ठेवली होती," त्यांनी घरी सांगितलं. प्रतिमाबाईंनी वाळूला हात जोडले.

पिंडी काय झाली होती म्हणता! इतकी मऊ, इतकी सुबक की शेजारच्या बाया बघत राहिल्या. "नर्मदामाईची कृपा," प्रतिमाबाई प्रत्येकीला सांगत होत्या. सलोनीने दिवसभर पाणी न पिता पूजा केली, रात्र जागवली. अच्युतरावांना एकदाच जरा कसंसं झालं, सलोनी डोळे मिटून पिंडीवर बेल वाहत होती तेव्हा. पण प्रसाद झाला, कामं झाली, ते विसरले. घाट अजून बंदच होता, म्हणून विसर्जन बादलीतच केलं आणि ते पाणी वाळूसकट तुळशीच्या कुंडीत ओतलं.

गणपती उठले आणि एके दिवशी प्रणोती धावतच आली. "काका, पहिल्या वाट्यात झिरकॉन एकदम कमी निघाले. काही मतलबच नाही निघत. तो रिझर्ववाला वाटा काढून द्या नं, उद्या पाठवायचा आहे."

अच्युतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हाच सांगितलं असतं तर? थोडी बोलणी बसली असती, प्रणोती रडकुंडीला आली असती, आणि तिथेच मिटलं असतं. हे त्यांनाही कळत होतं. पण सबंध संस्थेला चाळणीचं सोवळं शिकवणाऱ्या माणसाने 'तुझी वाळू मी पूजेला नेली' असं म्हणायचं कोणत्या तोंडाने? ते म्हणाले, "उद्या सकाळी देतो." त्या संध्याकाळी ते ग्वारीघाटला गेले. पाणी उतरलं होतं. त्यांनी वाळू आणली, वाळवली, सगळ्यात बारीक चाळणीतून चाळली, तळाशी उरलेल्या मुठीत मिसळली आणि रंग जमेपर्यंत ढवळत बसले. आपण काय करतो आहोत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरीही त्याआधी त्यांनी चाळणी धुऊन, भिंगाखाली बघून घेतली. सवयीने.

म्हणजे एकूण हिशेब असा झाला. घरी त्यांनी पाटनची वाळू नर्मदेची म्हणून दिली आणि संस्थेत नर्मदेची वाळू पाटनची म्हणून दिली. मातीचं मूळ शोधणाऱ्या संस्थेत ज्याने आयुष्य काढलं, त्याने दोन्हीकडे मुळातच खोटं सांगितलं.

थंडी पडली तेव्हा बाहेरच्या प्रयोगशाळेतून निकाल आला. प्रणोती आनंदाने नुसती नाचत होती. संगणकावर तिने कणांच्या वयांच्या दोन रेघा काढल्या होत्या, एक आजच्या नर्मदेच्या वाळूची आणि एक पाटनच्या थराची. चढउतारांसकट दोन्ही रेघा एकमेकींवर बसत होत्या. "बघा काका! कुठलं रेगिस्तान नाही नि काही नाही. सगळी वाळू आपल्या नर्मदेची. इतना साफ जवाब कोणाला मिळतो?"

अच्युतराव "छान, छान" म्हणाले आणि चाळण्या पुसायला निघून गेले. त्या आधीच पुसलेल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात तिने सगळ्यांसमोर तो निकाल मांडला. तिचे मार्गदर्शक चंद्रशेखर सर पहिल्या खुर्चीत होते. ते बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत राहिले. "प्रणोती, इतना ज़्यादा मैच? सैंपल कहीं मिक्स तो नहीं हुआ?"

"सर, अच्युत जी के हाथ से निकला सैंपल है," प्रणोती ताडकन म्हणाली. "मिक्स हो ही नहीं सकता."

सर हसले. "हाँ, तब तो ठीक है." सगळे वळून मागे दाराशी उभ्या असलेल्या अच्युतरावांकडे कौतुकाने बघू लागले. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. अच्युतरावांनी मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं, काय हा विनय!

शोधनिबंध सोमवारी छापायला पाठवायचा ठरला. शनिवारी दुपारी अच्युतराव घरी आले ते थेट अंगणात गेले आणि खुरपं घेऊन तुळशीची कुंडी उकरू लागले. पाटनची थोडीतरी वाळू हाती लागली, तर काहीतरी कारण सांगून फिरून तपासणीला देता येईल, असा काहीसा वेडा विचार डोक्यात होता. पण कुंडीत होती शेणखताची काळी माती, मुळं आणि गांडुळं. पिवळी वाळू कुठेच वेगळी दिसत नव्हती.

"हे काय करून राहिले?" प्रतिमाबाई मागे उभ्या. "भर दुपारी तुळस काहून उपटून राहिले तुम्ही?"

"माती मोकळी करून राहिलो."

"मुळं तोडून?"

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. ऐकता ऐकता प्रतिमाबाई पायरीवर बसल्या. "म्हणजे माझ्या पोरीने नर्मदेची म्हणून जी पुजली, ती पाटनची?"

"हो."

"आणि त्या पोरीला पाटनची म्हणून दिली, ती नर्मदेची?"

"हो."

"बाप्पा!" त्या म्हणाल्या. "सलोनीला दिवस राहिले ते त्या पूजेनं, असं मी आख्ख्या मोहल्ल्यात सांगून राहिले. आणि तुम्ही माझ्या हातात चोरीची वाळू दिली." पण थोड्याच वेळात त्यांनी डोळे पुसले आणि त्या एकदम व्यवहारावर आल्या. "ऐका माझं. हे आता कोणाला बोलू नका. रिटायर व्हायला राहिले किती दिवस? नाव आहे तुमचं तिथं. आणि धूळच होती ती. हजारो वर्षांपूर्वी इथून उडाली काय नि तिथून उडाली काय, आज कोणाचं पोट दुखते?"

गंमत अशी की गेले कित्येक दिवस अच्युतराव स्वतःला हेच सांगत होते, अगदी याच शब्दांत. पण मनातल्या मनात जे पटत होतं ते बायकोच्या तोंडून मोठ्याने ऐकताना त्यांना असह्य झालं. उद्या दुसरं कोणी पाटनला खणेल, त्याला वेगळंच उत्तर सापडेल आणि खोटी ठरेल ती प्रणोती. छापलेलं नाव तिचं असेल. सगळ्यांसमोर त्यांच्या हाताची ग्वाही तिनेच दिली होती. तिला लेकीसारखी मानतो म्हणायचं, शिरा खाऊ घालायचा आणि तिच्याच पायाखाली हा खड्डा खणून ठेवायचा! अच्युतरावांना स्वतःची शिसारी आली. प्रतिमाबाई मागून हाका मारत राहिल्या, पण ते मातीने भरलेल्या हातांनीच स्कूटर काढून निघाले.

प्रणोती संस्थेत एकटीच होती, निबंधावर शेवटचा हात फिरवत. "अरे काका, आज? या, बसा नं."

ते बसले नाहीत. "प्रणोती, तो नमुना पाटनचा नाही."

"मतलब?"

"जो तू पाठवला तो. तो पाटनचा नाही."

ती क्षणभर गोंधळली, मग उलट त्यांनाच धीर देऊ लागली. "लेबल बदललं का काका? होतं असं कधी कधी. आपण शोधू नं."

"लेबल बरोबर होतं."

"मग चाळणीत काही राहिलं असेल. टेन्शन नका घेऊ तुम्ही."

"चाळणी स्वच्छ होती," अच्युतराव म्हणाले. ती एकेक निर्दोष वाट काढून देत होती आणि ती प्रत्येक वाट त्यांना स्वतःच्या हाताने बंद करावी लागत होती. अखेर त्यांनी सांगितलं. हरतालिका, घाट, पिंडी, ग्वारीघाटची वाळू, सगळं. चूक झाली असं म्हणाले नाहीत. "मी तुला फसवलं," असं म्हणाले.

प्रणोती पडद्यावरच्या त्या दोन रेघांकडे बघत राहिली. एकमेकींवर इतक्या नेमक्या बसल्या होत्या, कारण दोन्ही एकाच नदीच्या होत्या. ती ओरडली असती तर अच्युतरावांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "काका, मी सरांना सगळ्यांसमोर म्हटलं होतं."

"माहीत आहे. मी तिथेच होतो."

"आणि तुम्ही चुप राहिले."



सोमवारी अच्युतराव स्वतः चंद्रशेखर सरांकडे गेले. निबंध थांबला. प्रणोतीला संशोधनाची मुदत वाढवून मागावी लागली. ती मिळेल की नाही ते कोणालाच सांगता येईना. सरांनी आवाज चढवला नाही. "आपसे ये उम्मीद नहीं थी, अच्युत जी," म्हणाले, आणि नमुन्यांच्या खोलीची किल्ली मागून घेतली. नोकरीचे उरलेले दिवस त्यांनी वाचनालयात पुस्तकं लावायची, असं ठरलं. पाटनला पुन्हा खणायचं निघालं तेव्हा अच्युतरावांनी हात जोडून विचारलं, मी येऊ का? सरांनी प्रणोतीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "खोदायला माणूस तर लागेलच."

शेतात गहू पोटरीवर आला होता. शेतकऱ्याने विहिरीपासून थोड्या अंतरावर बांधालगतची जागा दिली. अच्युतरावांनी शर्ट काढून फावडं घेतलं आणि कोणाशी न बोलता खणायला लागले. त्या वयात त्यांनी इतकं खणायला नको होतं. मजूर थांबला तरी हे थांबेनात. काळी माती संपली, नदीची भरड वाळू लागली. तीही उपसत गेले. खड्डा त्यांच्या छातीएवढा झाला. थर इथवर आलाच नसेल तर? मग त्या पोरीच्या हाती काहीच उरणार नव्हतं. ते मनातल्या मनात नर्मदामाईला विनवू लागले, आणि मध्येच, आपल्याला तो अधिकार उरला नाही असं वाटून थांबले.

ऊन डोक्यावर आलं आणि फावड्याच्या पात्याला एकदम मऊ लागलं. खड्ड्याच्या भिंतीत पिवळसर पट्टा दिसू लागला. तोच तो, पिठासारखा.

"लागला! प्रणोती, लागला!" अच्युतराव ओरडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं. ते गुडघ्यांवर बसले आणि आजवर हजारदा केलं तसं, बोटांनी चुरून बघायला त्यांनी त्या थरातून ओंजळ भरली.

"काका, हात नका लावू."

प्रणोती वर खड्ड्याच्या काठावर उभी होती. आवाजात राग नव्हता. परक्या माणसाला सांगावं तितक्याच शांतपणे तिने सांगितलं होतं. अच्युतरावांनी ओंजळ हळूच उघडली. वाळू खाली पडली. त्यांनी तळवे पँटला पुसले, तरी हात अंगापासून दूरच धरून ते कसेबसे वर चढून आले. ती खाली उतरली. नव्या खुरपीने तिने थराचा वरचा भाग खरवडून टाकला, जिथे त्यांची बोटं लागली होती तो भाग जरा जास्तच खोल काढला, आणि मग आतली वाळू पिशव्यांत भरून त्यांची तोंडं स्वतःच बांधली.

तिच्या जागी ते असते तर त्यांनीही कोणाला तेच सांगितलं असतं, याच आवाजात. तिचं चुकलं असतं तर त्यांना सोसलं असतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं, आणि हे घेऊनच त्यांना आता राहायचं होतं.

दुपारी बांधावर बसून सगळ्यांनी डबे उघडले. प्रणोतीने आपल्यातल्या दोन पोळ्या आणि भाजी झाकणावर काढून त्यांच्यापुढे ठेवली. वाळूच्या पिशव्या मात्र तिने उचलून आपल्या पलीकडच्या बाजूला ठेवल्या, आणि मग जेवायला लागली.